अनामिकता, उत्तरदात्याची
अनामिकता, उत्तरदात्याची : पाहणी, जनगणना, मतदान किंवा चौकशी यांत उत्तर देणारी व्यक्ती आणि तिने दिलेले उत्तर यांचा संबंध कोणालाही, खुद्द उत्तर गोळा करणाऱ्यालाही, जोडता येऊ नये अशी स्थिती. गोपनीयता ही संकल्पना हिच्याहून वेगळी आहे. गोपनीयतेत उत्तर कोणाचे हे संकलकाला ठाऊक असते. ते इतरांना न सांगण्याचे बंधन तो पाळतो. अनामिकतेत सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही असतच नाही. व्यवहारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात. गोपनीयतेचे वचन माणसावर अवलंबून असते, अनामिकतेचे कार्यपद्धतीवर. संकलक बदलला, कायदा बदलला अथवा कागद दुसऱ्याच्या हाती गेला, म्हणजे पहिले वचन मोडू शकते.

याच्या उलट बाजूने संकलकालाही उत्तरदात्याची ओळख पटवावी लागते. एकाच माणसाने दोनदा उत्तर दिले काय, वर्षभराने पुन्हा विचारावयाचे झाल्यास तोच माणूस सापडेल काय, उत्तर देणारा त्या गावचा वा त्या संस्थेचा आहे काय, हे न कळल्यास आकडे निरुपयोगी ठरतात. नाव कळू न देता ओळख राखणे हा त्यामुळे या विषयातील मूळ प्रश्न होय. आंतरजालावरील निनावी प्रपत्रांमुळे तो सर्वपरिचित झाला. तो तेवढ्यापुरता नवा मात्र नाही.

स्थळाचा प्रभाव : प्रश्नावलीवर नाव नसले म्हणजे उत्तरदाता अनामिक राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबई उपनगरातील गोराईचे उदाहरण घेतल्यास तो किती अपुरा आहे हे दिसते. गोराई या एकाच नावाने दोन भिन्न वस्त्या ओळखल्या जातात. खाडीपलीकडील जुने गाव प्रामुख्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती व कोळी कुटुंबांचे. बोरिवलीच्या बाजूने तेथे जाण्यास होडी लागते, तर जमिनीवरून जावयाचे झाल्यास भाईंदर-उत्तनमार्गे वळसा पडतो. खाडीच्या अलीकडील गोराई ही नियोजित वसाहत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप व गोराई येथे आखीव भूखंड व प्राथमिक सोयी पुरविण्यात आल्या आणि घरे रहिवाशांनी आपली आपण बांधली.

पलीकडच्या गावात आडनावे मोजकी असतात; धंदा, वय, होडीची मालकी आणि शिक्षण एवढे कळले तरी शेजाऱ्यास माणूस ओळखू येतो. तेथे नाव वगळून फारसे काही साधत नाही. वसाहतीत शेजारी एकमेकांस तितके ओळखत नाहीत. परंतु प्रत्येक घराला भूखंड-क्रमांक असून तो सरकारदप्तरी एका वाटपपत्राशी बांधलेला असतो. तेथे आडनाव उघड झाले तरी एक वेळ चालेल, भूखंड-क्रमांक मात्र लपवावाच लागतो. एकाच नावाच्या, केवळ खाडीने विभागलेल्या दोन वस्त्यांत अनामिकतेचे उपाय असे परस्परविरुद्ध ठरतात. उत्तरदात्याची ओळख ही एखाद्या रकान्यात नसून रकान्यांच्या जुळणीत असते, हे यावरून ध्यानात येते.

जनगणनेतील परंपरा : मुंबई शहराची पहिली पद्धतशीर शिरगणती १ फेब्रुवारी १८६४ रोजी डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली झाली. तीत ८,१६,५६२ लोकसंख्या नोंदली गेली. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. कापसाच्या तेजीचा अंत हे या घटीचे प्रमुख कारण असले, तरी पहिल्या मोजणीच्या अचूकतेविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत. गोराई त्या वेळी मुंबईत नव्हते. ते ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडे. देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. या सुरुवातीच्या गणनांच्या वेळी नवे कर बसणार, वेठबिगारीस धरून नेणार, अशा वावड्या ठिकठिकाणी उठत. घरावर रंगवलेला क्रमांक आणि दाराशी उभा असलेला प्रगणक या दोन्ही गोष्टी रयतेच्या अनुभवात तोपर्यंत वसुलीशीच जोडलेल्या असल्याने ही भीती अडाणीपणाची म्हणता येत नाही.

नाव विचारणे आवश्यक होते. कारण नावाशिवाय घरातील माणसे दोनदा मोजली जाण्याचा वा गळण्याचा संभव असे. तथापि नावाचा उपयोग मोजणीपुरताच होता. १९०१ पासून प्रत्येक व्यक्तीमागे एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्यांची वर्गवारी करण्याची पद्धत भारतात आली. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म ओळखला जाई आणि वर्गीकरणाच्या कामी नावाची गरजच उरली नाही. संकलन संपल्यावर मूळ पत्रके नष्ट करण्याची प्रथा पडली. ब्रिटनमध्ये जनगणनेची पत्रके १०० वर्षांनी व अमेरिकेत ७२ वर्षांनी अभ्यासकांस खुली होतात. भारतात तशी सोय नाही. वंशावळीच्या संशोधकांस ही उणीव जाणवते. उत्तरदात्याच्या दृष्टीने मात्र नष्ट झालेल्या कागदाइतकी भक्कम हमी दुसरी नाही.

१९३१ च्या जनगणनेवर राष्ट्रीय सभेने बहिष्कार पुकारला व ११ जानेवारी १९३१ हा दिवस जनगणना-बहिष्काराचा रविवार म्हणून पाळण्यात आला. मुंबई इलाख्यात, विशेषतः अहमदाबादेत, त्याचा परिणाम जाणवला. परक्या सरकारला आपली ओळख देण्यास नकार देणे हे राजकीय शस्त्र होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतर जनगणना अधिनियम, १९४८ संमत झाला. त्याच्या पंधराव्या कलमाने जनगणनेची पुस्तके व अनुसूची पाहण्यास खुली नाहीत आणि त्यांतील नोंद दिवाणी वा फौजदारी कामात पुरावा म्हणून दाखल करता येत नाही, असे ठरविले. अपवाद खुद्द त्या अधिनियमाखालील खटल्यांचा. माहिती अनधिकृतपणे उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यास शिक्षेची तरतूदही आहे. आठव्या कलमान्वये नागरिकावर उत्तर देण्याचे बंधन आहे. परंतु त्याच कलमाचे परंतुक विशेष लक्षणीय आहे. घरातील कोणत्याही स्त्रीचे नाव सांगण्यास कोणी बांधलेला नाही आणि हयात वा दिवंगत पतीचे किंवा रूढीने ज्याचे नाव घेणे निषिद्ध आहे अशा अन्य व्यक्तीचे नाव सांगण्यास कोणतीही स्त्री बांधलेली नाही. महाराष्ट्रात पतीचे नाव एरवी न घेता ते मंगलप्रसंगी उखाण्यात गुंफून घेण्याची चाल होती. तिची जाण ठेवणारे हे परंतुक म्हणजे, माणसाने कोणती ओळख द्यावी हे सरकारच्या सोयीवर नव्हे तर त्याच्या मर्यादेवर ठरावे, या तत्त्वाची भारतीय कायद्यातील एक जुनी नोंद मानता येईल.

प्रकाशनाच्या टप्प्यावरही काही पथ्ये पाळली जातात. धर्मवार आकडे तालुका व शहर या पातळीच्या खाली प्रसिद्ध केले जात नाहीत. याउलट अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व कामकरी यांचे आकडे गावनिहाय छापले जातात. एखाद्या गावात अनुसूचित जमातीचे एकच घर असेल, तर त्या रकान्यातील माणसे कोण हे गावकऱ्यांस सांगावे लागत नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात-गणनेचे स्वरूप आणखी वेगळे होते. ती जनगणना अधिनियमाखाली झालेली नव्हती. लाभार्थी निवडणे हा तिचा हेतू असल्याने कुटुंबांची माहिती शासकीय खात्यांना खुली होती आणि हरकतींसाठी याद्याही प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी, जवळपास तेच प्रश्न घेऊन दोन वेगवेगळ्या गणना दाराशी येऊन गेल्या. एकीत उत्तर कायद्याने झाकलेले व दुसरीत उघडे. हा भेद किती उत्तरदात्यांपर्यंत पोहोचला असेल, याविषयी शंकाच आहे. [⟶ जनगणना].

ग्रामपाहण्या व नमुना पाहणी : हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. गावाचे नाव तीत उघडपणे दिले होते आणि जमिनीच्या तुकड्यांपासून कर्जबाजारीपणापर्यंत तपशील होते. नाव दिल्यामुळेच दिसकळकरांना त्या गावाची फेरपाहणी करता आली व ती १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हैसूरकडील ज्या गावाचा एम्. एन्. श्रीनिवास यांनी अभ्यास केला, त्यास त्यांनी ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिले. तथापि ते कोडगहळ्ळी होय हे पुढे सर्वश्रुत झाले. नाव दिल्यास फेरपाहणी शक्य होते आणि गावकरी उघडे पडतात. न दिल्यास फेरपाहणी अवघड होते आणि गाव तरीही ओळखले जाते. मान यांच्या काळी कर्जदार शेतकऱ्याच्या हाती इंग्रजी अहवाल पडण्याचा संभव कमी असल्याने हा प्रश्न फारसा बोचला नाही.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या अनुसूचीत ओळखीचा तपशील पहिल्याच खंडात नोंदला जातो व अभ्यासकांस कुटुंबवार आकडे देताना नावे वगळून केवळ सांकेतिक क्रमांक ठेवले जातात. सांख्यिकी संकलन अधिनियम, १९५३ व त्याची जागा घेणारा २००८ चा अधिनियम यांनी माहिती देणाऱ्याची ओळख प्रसिद्ध करण्यास बंदी घातली. [⟶ नमुना पाहणी, राष्ट्रीय].

देवनार येथील प्रयोग : नाव तोडूनही उत्तर व नमुना यांची जोड राखण्याचे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्याच उपनगरांत आखले गेले. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने (स्थापना १९५६) तिसरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २००५-०६ मध्ये पार पाडले. त्यात एचआयव्हीसाठी १,०२,९४६ स्त्रीपुरुषांचे रक्त तपासण्यात आले. बोटाला टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदाच्या पत्रिकेवर घेत. पत्रिकेवर नाव नसे. केवळ पट्टीसंकेत चिकटवलेला असे आणि त्याचीच दुसरी प्रत प्रश्नावलीवर लावली जाई. प्रयोगशाळेस संकेतापलीकडे काही ठाऊक नसे. प्रश्नावल्यांची माहिती संगणकावर चढवून तपासून झाली, की ज्या पृष्ठांवरून घर ओळखता आले असते ती नष्ट केली जात आणि गाव-घराचे क्रमांक उलटसुलट करून टाकले जात. त्यानंतरच रक्ताचा निष्कर्ष उत्तरांशी जोडण्यात येई. वय, शिक्षण, स्थलांतर आणि संसर्ग यांचा परस्परसंबंध यामुळे कळे. माणूस कळत नसे.

या क्रमातच पद्धतीचे मर्म आहे. आधी दुवा जोडून मग नाव खोडले असते, तर मधल्या काळात कोणाच्या तरी हाती दोन्ही गोष्टी राहिल्या असत्या. निष्कर्षांचे महत्त्वही मोठे होते. महाराष्ट्रातील प्रमाण ०·६२ टक्के निघाले, देशातील ०·२८ टक्के. आणि या पाहणीच्या आधाराने २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज सु. ५२ लाखांवरून सु. २५ लाखांवर आणावा लागला. परंतु या अचूकतेची एक किंमत होती. ज्यांच्या रक्तात विषाणू आढळला त्यांना तसे कळविणे अशक्य होते. कारण ते कोण हे कोणालाच माहीत नव्हते. पाहणीच्या वेळी प्रत्येकास चाचणी व सल्ला केंद्राची माहिती देण्यात येई, एवढाच त्यावर उपाय. समाजाची बदनामी व रोजगार गमावण्याची भीती पाहता अनामिकतेशिवाय एवढ्या लोकांनी रक्त दिले नसते, हे खरेच. पण संपूर्ण अनामिकता उत्तरदात्याचे रक्षण करते तशीच त्याला मदतीपासून दूरही ठेवते, हा पेच या पाहणीइतका स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसला असेल.

करोनाच्या साथीत बृहन्मुंबई महानगरपालिकेने हीच वाट अधिक सोप्या रूपाने अनुसरली. मार्च २०२१ मधील पाहणीत सर्व २४ विभागांतून – गोराईचा आर-मध्य विभाग त्यांतलाच – अन्य चाचण्यांसाठी आलेल्या रक्ताचे १०,१९७ नमुने नाव-गाव पूर्णपणे तोडून तपासले गेले. ३६·३० टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. येथे प्रश्नावलीशी दुवाच राखलेला नव्हता. म्हणून धोका कमी व माहितीही कमी.

मतदानातील ओळख : गुप्त मतदान हा या विषयाचा जुळा भाऊ होय. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-ओ नुसार कोणासही मत द्यावयाचे नसलेल्या मतदारास तसे नोंदवहीत लिहवून स्वाक्षरी वा अंगठा द्यावा लागे. मत देणारा अनामिक आणि न देणारा उघड, अशी ही विसंगती होती. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ती रद्द ठरविली व यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. दुसरी अडचण अद्याप सुटलेली नाही. मतदान यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा निकाल स्वतंत्रपणे कळतो. एका गावाचे एकच केंद्र असल्यास एकेकाचे मत झाकलेले राहूनही अवघ्या गावाचे मत उघड होते व त्याचा राग रस्ता वा नळ यांवर निघू शकतो. कागदी मतपत्रिकांच्या काळी नियम ५९-अ प्रमाणे त्या एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या साधनाची सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली, विधी आयोगाने २०१५ मध्ये तिला दुजोरा दिला. केंद्र शासनाने ती मान्य केली नाही. [⟶ मतदान].

इतर देशांतील अनुभव : अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेचे छोट्या वस्तीवार आकडे १९४२ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत हलविण्याच्या कामी वापरले गेले. नावे दिलेली नव्हती. वस्ती दाखविणे पुरेसे ठरले. १९४३ मध्ये काही नावेही दिली गेली होती, हे सेल्त्झर व अँडर्सन यांच्या संशोधनातून २००७ साली पुढे आले. पश्चिम जर्मनीत १९८३ च्या नियोजित जनगणनेविरुद्ध मोठी चळवळ झाली. तेथील संविधान न्यायालयाने गणना रोखली आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी, आपल्याविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचाच होय, असा निर्णय दिला. १९८७ मध्ये गणना झाली तेव्हा विरोधकांनी प्रपत्रांवरील क्रमांक कातरून ती परत केली. भारतात न्या. पुट्टस्वामी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी.

संख्याशास्त्रीय उपाय : स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सुचविलेल्या यादृच्छिक-उत्तर पद्धतीत नाव लपविण्याऐवजी उत्तरच धूसर केले जाते. तिचे एक सोपे रूप असे : उत्तरदात्याने एकांतात नाणे उडवावे; छापा पडल्यास डोळे मिटून ‘होय’ म्हणावे, काटा पडल्यास खरे सांगावे. १,००० जणांत ६०० ‘होय’ आले, तर त्यांतील सु. ५०० छाप्यामुळे आलेले. उरलेल्या ५०० खऱ्या उत्तरांत १०० ‘होय’, म्हणजे प्रमाण २० टक्के. एखाद्याच्या ‘होय’वरून त्याच्याविषयी मात्र निश्चित काहीच म्हणता येत नाही. गोराईसारख्या लहान गावात, जेथे नाव लपविणे निष्फळ असते, तेथे ही पद्धत अधिक उपयुक्त ठरावी. मात्र नमुना लहान असल्यास तिची चूक वाढते, आणि लहान गावात नमुना लहानच असतो.

लटान्या स्वीनी यांनी १९९७ च्या सुमारास मॅसॅचूसेट्सच्या राज्यपालांची निनावी रुग्णालयीन नोंद मतदारयादीशी ताडून शोधून काढली. जन्मतारीख, लिंग व टपाल-संकेत या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सु. ८७ टक्के लोक एकमेव ठरतात, असे त्यांनी २०००च्या सुमारास दाखविले. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क व सहकाऱ्यांनी आकड्यांत मोजूनमापून यादृच्छिक फरक मिसळण्याची उपपत्ती मांडली. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ती वापरली गेली.

आंतरजालावरील प्रपत्रे : कागदी प्रश्नावलीत जे लिहिले तेवढेच राही. आंतरजालावरील प्रपत्र उत्तरदात्याने न लिहिलेलेही टिपू शकते : उत्तर पाठविल्याची वेळ, आय. पी. पत्ता, उपकरणाचा प्रकार. गूगल फॉर्म्ससारख्या सेवांत उत्तराबरोबर वेळेची नोंद आपोआप होते. वर्गशिक्षकाने अथवा कार्यालयप्रमुखाने दुवा पाठविला आणि पाच मिनिटांत एकच उत्तर आले, तर ते कोणाचे हे ताडणे कठीण नसते. एका व्यक्तीस एकच उत्तर अशी अट घातल्यास खात्यात प्रवेश करावा लागतो. त्या वेळी ई-मेल पत्ता संकलकास दिसेलच असे नाही, परंतु उत्तरदात्यास ते समजण्याचा मार्ग नसतो. प्रत्येकास वेगळा दुवा पाठवून प्रपत्रास ‘निनावी’ म्हणणे ही तर उघड फसवणूक होय.

ओळख राखण्याचे प्रामाणिक मार्ग काही आहेत. उत्तरदात्याने स्वतःच एक संकेत रचावा – आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्माचा दिवस, दूरध्वनीचे शेवटचे दोन अंक – आणि पुढील फेरीत तोच पुन्हा लिहावा, हा एक. एकाच आळीत आईचे नाव शेजाऱ्यांस ठाऊक असल्याने हा संकेत संकलकापासून लपतो, शेजाऱ्यापासून नाही; शिवाय लोक तो विसरतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकास क्रमांक उचलू देणे अधिक निर्धोक. फेरपाहणीसाठी नावांची यादी हवीच असेल तर ती व क्रमांकांची किल्ली उत्तरे न पाहणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीपाशी ठेवतात. बक्षीस वा प्रमाणपत्र द्यावयाचे असल्यास नावासाठी दुसरे, उत्तरांशी न जोडलेले प्रपत्र वापरतात. तेथेही दोन्ही प्रपत्रांच्या वेळा जुळवता येऊ नयेत म्हणून वेळेचा रकाना काढून टाकावा लागतो, हे बहुधा विसरले जाते. छळ, मारहाण वा आत्मघाताचा विचार यांविषयी विचारणाऱ्या पाहणीत देवनारचा पेच पुन्हा उभा राहतो. अशा वेळी ज्यास मदत हवी त्याने स्वतः नाव कळवावे अशी वेगळी वाट प्रपत्राच्या अखेरीस ठेवणे, आणि ती वाट ऐच्छिक आहे हे आरंभीच सांगणे, यापलीकडे उपाय सापडलेला नाही.

१६ जून २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या, १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी असलेल्या जनगणनेत कुटुंबाने आपली माहिती आंतरजालावर स्वतः भरण्याची तरतूद आहे. माहिती भरल्यावर कुटुंबास एक क्रमांक मिळतो आणि प्रगणक घरी आल्यावर तो त्यास दाखवावयाचा असतो.